पिवळं कार्ड, फुटलेली स्टिक आणि "माझं चुकलं": हॉकीवाला मोठा कधी होतो?

डिचोलीकर_बाबा (रविवार, रात्री ९.४२)

नमस्कार मंडळी. चारेक वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मुलगा सोळाचा. म्हापशाला पेडेच्या टर्फवर हॉकी खेळतो, डिफेंडर. आज अंडर-१७ ची मॅच होती, आपले १-० ने पुढे. तिसऱ्या क्वार्टरला समोरच्या फॉरवर्डने याला चकवलं आणि आमच्या चिरंजीवांनी मागून स्टिक घालून त्याला आडवा केला. पिवळं कार्ड, पाच मिनिटं बाहेर. त्या पाच मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि मॅच २-१ ने गेली. खुर्चीत बसून हा काय करत होता तर पाण्याच्या बाटलीला लाथा. मॅच संपल्यावर डगआउटच्या पाइपवर स्टिक आपटली. साडेआठ हजारांची कंपोझिट स्टिक, मधोमध चीर. गाडीत कोण कोणाशी बोललं नाही, अस्नोडा सुटल्यावर साहेब म्हणाले, "अंपायर त्यांचाच होता."

राग स्टिकचा नाही (थोडा आहे). पण "माझं चुकलं" हे दोन शब्द काही तोंडातून येईनात. त्याला पुढे खेळूनच नोकरी मिळवायची आहे, प्रोफेशनल व्हायचंय म्हणतो. म्हणून इथल्या हॉकीवाल्यांना विचारतो, मोठ्या खेळाडूंना ही अक्कल कधी येते? वयाने आपोआप येते की कोणीतरी कान पिळावा लागतो? आणि नवी स्टिक घेऊन द्यावी का?

साळावलीचा_स्ट्रायकर (रविवार, रात्री ९.५५)

गोव्यात हॉकी? आमच्या घरी पण एक स्टिक आहे, मे महिन्यात तोरां (कैऱ्या) पाडायला वापरतो. एकदम प्रोफेशनल.

सांखळीकर (रविवार, रात्री १०.०३)

@स्ट्रायकर, आला का फुटबॉलवाला! धाग्याला दहा मिनिटं तरी जगू दे रे.

कॉर्नरवेडा (रविवार, रात्री १०.३१)

बाबा, मुलाला हॉकीच्या हरमनप्रीत सिंगची गोष्ट सांगा. २०२४ ची नाही, २०२३ ची.

जानेवारी २०२३, घरचा वर्ल्ड कप, भुवनेश्वर. क्रॉसओव्हर मॅच (जिंकेल तो क्वार्टर फायनलला) न्यूझीलंडशी. आपण ३-१ ने पुढे होतो. मग ३-३ झालं, शूटआउट, सडन डेथ आणि आपण बाहेर. घरच्या वर्ल्ड कपमध्ये नववं स्थान, तेही अर्जेंटिनाबरोबर वाटून. कॅप्टन कोण, तर हरमनप्रीत, ज्याच्या ड्रॅगफ्लिकवर (पेनल्टी कॉर्नरला बॉल स्टिकने ओढून गोलकडे फेकणं) टीम उभी, आणि नेमकी त्याच स्पर्धेत फ्लिक लागेना. कोच ग्रॅहम रीड राजीनामा देऊन गेले. लोकांनी कॅप्टनला काय काय म्हणून घेतलं नाही! कॅप्टनसीचं ओझं झेपत नाही, काढून टाका, वगैरे.

माणूस सत्तावीस वर्षांचा होता फक्त. २०१६ ला रिओला गेला तेव्हा वीस. मी त्याला तेव्हापासून बघतोय, तेव्हा बॉल आला की मारायचा आणि मग बघायचा कुठे गेला. नवीन कोच क्रेग फुल्टन आले, त्यांचं सगळं आधी डिफेन्स मग बाकीचं. कॅप्टन बदलला नाही. त्याच वर्षी हांगझोला एशियन गेम्सचं गोल्ड, फायनलला जपानला ५-१, त्यात याचे दोन, आणि पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट. पॅरिसला दहा गोल, स्पर्धेत सगळ्यात जास्त. ब्राँझच्या मॅचमध्ये स्पेन १-० ने पुढे होता, याने पेनल्टी कॉर्नरवर दोन गोल घातले, २-१. ऑस्ट्रेलियाला ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतर पहिल्यांदा हरवलं त्यातही दोन याचेच.

दीड वर्षात कोणाला दोष देत बसला नाही, पुन्हा जाऊन डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकावर उभा राहिला. एवढंच सांगा मुलाला.

तिरकस_तात्या (रविवार, रात्री १०.४८)

असहमत. गोल लागले की सगळेच मॅच्युअर दिसतात हो. तीच फ्लिक स्पेनच्या गोलकीपरच्या पॅडला लागून बाहेर गेली असती तर आज तुम्हीच इथे "अजून पोरकटच आहे" असं लिहिलं असतं. मेडल आलं म्हणून माणूस मोठा झाला हे कळणार कसं? मी म्हणतो हरलेल्या मॅचनंतर बघा.

कॉर्नरवेडा (रविवार, रात्री १०.५२)

म्हणून तर २०२३ पासून सुरुवात केली ना तात्या, आधी वाचा मग तिरके चाला.

तिरकस_तात्या (रविवार, रात्री १०.५५)

वाचलं. नववं स्थान दोन ओळींत आणि दहा गोल चार ओळींत.

पर्वरीची_पल्लवी (रविवार, रात्री ११.१०)

तात्यांना या एका मुद्द्यावर +१. बाकी कशावरच नाही.

खडकीवाला_फोंड्यात (सोमवार, सकाळी ७.१५)

अरे, हॉकीचा धागा आणि अजून धनराजचं नाव नाही? माझं बालपण खडकीचं, सासर फोंड्याचं (हो, घरजावईच म्हणा, सगळे म्हणतात). धनराज पिल्ले आमच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीतला, वडील तिथेच ग्राउंड्समन. ही पोरं मोडक्या स्टिका दोरीने बांधून खेळायची. बाबा, तुमच्या साडेआठ हजारांच्या चिरीवर एवढंच सांगतो, दोरी स्वस्त आहे.

आता धनराज म्हटलं की लोकांना आठवतो तो राग. होताच तापट, नाकावर राग, कोणालाही तोंडावर बोलायचा. पण १९९८ ला बँकॉकला कॅप्टन म्हणून एशियन गेम्सचं गोल्ड आणलं, ३२ वर्षांनी, कोरियाला शूटआउटमध्ये हरवून, आशिष बल्लाळ गोलमध्ये. आणि घरी आल्यावर काय, तर त्याच्यासकट काही सीनियरना टीमबाहेर काढलं. खेळाडूंच्या पैशासाठी, सोयीसाठी तोंड उघडलं म्हणून, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. माणूस परत आला आणि २००४ ला अथेन्सला चौथं ऑलिंपिक खेळला. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप.

सांगायचं काय, तापट असणं आणि बेजबाबदार असणं एक नव्हे. तो रागवायचा ते टीमसाठी. तुमचा मुलगा रागवला ते स्वतःसाठी.

कॉर्नरवेडा (सोमवार, सकाळी ८.०२)

शेवटच्या ओळीला सलाम, पण जरा लागेल हो बाबांना.

डिचोलीकर_बाबा (सोमवार, सकाळी ८.४०)

लागली. पण खरी आहे. चालू द्या, वाचतोय. ऑफिसात आहे म्हणून छोटं लिहितो.

शिट्टीवाला (सोमवार, दुपारी १.२०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, लांबलं तर माफ करा. मी बारा-तेरा वर्षं लोकल अंपायरिंग करतोय. (नाही, ती मॅच माझी नव्हती. आणि आम्ही "त्यांचे" नसतो, आम्हाला दोन्ही बाजू शिव्या घालतात, एवढे तटस्थ असतो.)

कार्डांचं आधी सांगतो कारण पालकांना बरेचदा माहीत नसतं. हिरवं त्रिकोणी, दोन मिनिटं. पिवळं चौकोनी, कमीत कमी पाच मिनिटं, फाउल वाईट असेल तर दहा. लाल गोल, म्हणजे घरी. आणि तिन्ही कार्डांत बदली खेळाडू आत येत नाही. म्हणजे शिक्षा ज्याला झाली तो खुर्चीत बसून पाणी पितो आणि धावतात उरलेले दहा. फुटबॉलमध्ये पिवळं दाखवलं तरी माणूस मैदानातच असतो, आमच्याकडे तसं नाही. म्हणून हॉकीत कार्ड घेणं हा तुमचा वैयक्तिक मामला राहतच नाही.

आता मी खुर्चीकडे बघतो. अंपायर बघतो, तुम्हाला वाटत नसेल तरी. काही पोरं टॉवेल डोक्यावर घेऊन बसतात, काही टेबलवाल्याशी हुज्जत घालतात की घड्याळ हळू चालवताय. आणि एखादाच पुढे सरकून, कोपर गुडघ्यावर ठेवून, आपल्या जागी कोण गेलाय, मागे कुठे भोक पडलंय ते बघत असतो, आणि बसल्या जागेवरून ओरडून सांगत असतो. हा आत आला की पहिला बॉल शांतपणे खेळतो. पहिल्या दोन जातीतला आत आला की तीन मिनिटांत परत माझ्याकडे. वयाचा काही संबंध नाही, चौदा वर्षांचा तिसऱ्या जातीतला पाहिलाय आणि पस्तिशीतला बाटलीला लाथ मारणाराही.

एक उपाय सांगू? त्याच्या कोचला सांगून त्याला लहान पोरांच्या प्रॅक्टिस मॅचला शिट्टी द्या. एक दिवस फक्त.

साळावलीचा_स्ट्रायकर (सोमवार, दुपारी १.३३)

त्रिकोण, चौकोन, गोल! हे कार्ड आहेत की बालवाडीचा अभ्यासक्रम?

शिट्टीवाला (सोमवार, दुपारी १.४१)

खेळाडूंकडे बघून मलाही तसंच वाटतं बऱ्याचदा.

अस्मादिक (सोमवार, दुपारी ३.०५)

लाल कार्डाचा विषय निघालाच आहे तर आपला डिफेंडर अमित रोहिदास? पॅरिस, क्वार्टर फायनल, ४ ऑगस्ट २०२४, ब्रिटनशी. १७व्या मिनिटाला लाल, उरलेली ४३ मिनिटं दहा जणांनी काढली, १-१, आणि शूटआउटला ४-२. माझ्या मते ते लाल कार्डच चुकीचं होतं. स्टिक वर गेली ती पळण्याच्या ओघात, मुद्दाम नव्हती. मग त्याने कसली जबाबदारी घ्यायची?

शिट्टीवाला (सोमवार, दुपारी ३.३०)

स्टिक समोरच्याच्या चेहऱ्याला लागली. व्हिडिओ अंपायरने बघून लाल दिलं. मुद्दाम होतं की नव्हतं यावर मी दोन तास वाद घालू शकतो, पण स्टिक कुठे आहे याची जबाबदारी ज्याच्या हातात आहे त्याचीच. पोरांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात.

अस्मादिक (सोमवार, दुपारी ३.४४)

म्हणजे इरादा शून्य, शिक्षा पूर्ण. वा रे न्याय. आपल्या हॉकी इंडियाने अपील केलं ते उगाच का?

तिरकस_तात्या (सोमवार, दुपारी ४.००)

अपील फेटाळलं हे लिहायचं राहिलं का?

कॉर्नरवेडा (सोमवार, संध्याकाळी ५.१६)

भांडू नका. कार्ड बरोबर की चूक हे सोडा, परिणाम बघा. रोहिदास आपला फर्स्ट रशर, म्हणजे कॉर्नरला समोरच्याच्या फ्लिकवर छाती घेऊन धावणारा. त्याला एका मॅचची बंदी, तीच सेमी फायनल, जर्मनीकडून ३-२. तो असता तर जिंकलो असतो असं मी म्हणणार नाही, पण खोलीत बसून ती मॅच बघणं काय असेल विचार करा. आणि दोन दिवसांनी ब्राँझच्या मॅचला परत आला आणि त्याच जागी धावला. ओडिशातल्या सौनामारा गावचा, माजी कॅप्टन दिलीप तिर्कींच्याच गावचा आहे तो. गडी साधा.

आणि त्या ४३ मिनिटांत आपला गोलकीपर श्रीजेश मागून अखंड बोलत होता, आठवतंय? तूही इकडे ये, तो माणूस धर. छत्तीस वर्षांचा माणूस, शेवटची स्पर्धा.

पर्वरीची_पल्लवी (सोमवार, संध्याकाळी ६.५०)

श्रीजेशचं नाव घेतलंत म्हणून लिहिते, कारण मी कॉलेजला गोलकीपर होते. (अवांतर: पावसाळ्यात गोव्यात गोलकीपरचे पॅड वाळत नाहीत. जून ते सप्टेंबर ते ओलेच असतात. आमच्या घरी ते फ्रिजच्या मागे उभे करायचे, आणि पाहुणे आले की आई उदबत्ती लावायची. एकदा मावशीने विचारलं, घरात घूस मेलीय का गं.)

गोलकीपरला जबाबदारी शिकवावी लागत नाही कारण पळायला जागाच नसते. फॉरवर्डने दहा चान्स घालवले तर "प्रयत्न केला" आणि आमच्या दोन पायांतून एक बॉल गेला की सगळं स्टेडियम वळून बघतं. पण उलटंही होतं. मी दोन वर्षं प्रत्येक गोलनंतर डिफेंडरकडे हात करायचे, तू कुठे होतीस म्हणून. हात आपोआप वर जायचा! मला ते कळलं एका फोटोत. कोणीतरी मॅचचे फोटो काढले होते, त्यात मी सहा फोटोंत होते आणि सहाही फोटोंत माझा हात कोणाच्या तरी दिशेने. बॉलच्या दिशेने एकाही नाही.

आणखी एक. व्हिडिओ रेफरल आला ना, त्याने खेळाडूंना खरं बोलायला लावलं. टीमला एकच रेफरल, चुकला तर गेला. कॅप्टन धावत येऊन विचारतो, पायाला लागला का? आता बॉल पायाला लागला की नाही हे ज्याचा पाय त्यालाच माहीत. अंपायरसमोर हात वर करून "नाही नाही" करणारा तोच खेळाडू स्वतःच्या कॅप्टनला हळूच "लागला" म्हणतो. मला ते दृश्य फार आवडतं.

खडकीवाला_फोंड्यात (सोमवार, संध्याकाळी ७.२२)

घूस! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). चहा कीबोर्डवर.

सांखळीकर (सोमवार, रात्री ८.१०)

फुटबॉलवाल्यांनी हिणवलं म्हणून नोंद करून ठेवतो. १९४८ ला लंडनला स्वतंत्र भारताचं पहिलं हॉकी गोल्ड, ब्रिटनलाच ४-० हरवून. त्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस अशी आमची गोवेकर आडनावं होती, आणि गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे! साठच्या दशकात केनियाच्या ऑलिंपिक संघात हिलरी फर्नांडिस, अलू मेंडोन्सा. २०२३ च्या नॅशनल गेम्सची हॉकीही पेडेलाच झाली. तेव्हा तोरां पाडणाऱ्यांनी गप्प बसावं.

साळावलीचा_स्ट्रायकर (सोमवार, रात्री ८.१८)

पात्रांव, मान्य. पण यातले अर्धे मुंबईत आणि अर्धे नैरोबीत खेळले. गोव्यात कोण होता?

सांखळीकर (सोमवार, रात्री ८.२०)

तू होतास ना, आंब्याखाली.

निवृत्त_रशर (सोमवार, रात्री ११.३८)

मी सहसा लिहीत नाही. पण कॉर्नरवेडा यांनी फर्स्ट रशरचं लिहिलं आणि झोप लागेना म्हणून लिहितो.

मी नऊ वर्षं एका सरकारी खात्याच्या टीमला खेळलो, स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, खात्याचं नाव नको. आमच्यासारख्यांना प्रोफेशनल म्हणायचं तर म्हणा, सकाळी ग्राउंड, दुपारी ऑफिसात सही, पगार पहिल्या तारखेला. माझी जागा फर्स्ट रशर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेनल्टी कॉर्नरला गोललाइनमागे गोलकीपर आणि चार जण. बॉल ढकलला की मी तोंडावर मास्क, गुडघ्याला पॅड लावून सरळ फ्लिक मारणाऱ्यावर धावायचं. मी कुठल्या रेषेत धावणार हे आधी ठरलेलं असतं, कारण मी एक बाजू झाकली की कीपर दुसरी धरतो आणि पोस्टवरचा आपला कोपरा. मी रेषा सोडली तर मागच्या सगळ्यांचा हिशोब चुकतो. फ्लिक ताशी शंभराच्या वर येते, विचार करायला वेळ नसतो.

त्याच्या आदल्या आठवड्यात मला एक बॉल मांडीवर लागला होता. जांभळा डाग, मुठीएवढा, कोणाला दाखवला नव्हता. त्या मॅचला कॉर्नर आला आणि मी धावलो, पण अर्ध्या वाटेत अंग चोरलं. अर्धा हात असेल, जास्त नाही. बॉल माझ्या जागेतून गेला आणि पोस्टवरच्या पोराच्या हातावर. दोन बोटं मोडली, गोलही झाला. आणि घोळक्यात मी काय म्हणालो असेन? "कीपर हललाच नाही." कीपर माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याने मास्क वर केला, माझ्याकडे बघितलं, मास्क खाली केला. बस.

पुढचे सहा दिवस हॉस्टेलात तो पोरगा एका हाताने बुटाच्या नाड्या बांधायचा प्रयत्न करायचा. दातात एक टोक धरून. मी समोरच्या कॉटवर. तिसऱ्या दिवसापासून मी उठून बांधायला लागलो, काही न बोलता, तो "थँक यू दादा" म्हणायचा. त्याला माहीत नव्हतं! त्याला वाटत होतं कीपरचंच चुकलं. आणि कीपर त्याच खोलीत, पेपर वाचतोय.

सातव्या दिवशी व्हिडिओ मीटिंग. कोचचा लॅपटॉप, भिंतीवर चादर. ती क्लिप आली, कोचने अजून थांबवलीही नव्हती आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, लाइन मी सोडली. भ्यालो होतो." मला वाटलं आता काहीतरी होणार. कोच म्हणाले, "हं. पुढची." आणि पुढची क्लिप. बास. आठवडाभर ज्या वाक्याने माझं जेवण उडालं होतं त्यासाठी खोलीत कोणी मान वळवली नाही. फक्त बाहेर पडताना कीपर म्हणाला, "मांडी दाखव." त्याला आधीपासून माहीत होतं. बर्फ लावून दिला आणि त्या संध्याकाळी मला एकट्याला पन्नास वेळा धावायला लावलं, रबरी बॉलवर.

मी तेव्हा सत्तावीसचा होतो. म्हणजे वयाने येत असेल तर फार उशिरा आली म्हणायची.

पर्वरीची_पल्लवी (सोमवार, रात्री ११.५१)

दादा, सगळा धागा एकीकडे आणि हा प्रतिसाद एकीकडे.

तिरकस_तात्या (मंगळवार, सकाळी ६.३०)

आज तिरकस काही सुचत नाहीये. नोंद घ्यावी.

अस्मादिक (मंगळवार, सकाळी ९.१२)

निवृत्त_रशर यांचं छानच. पण माझा मुद्दा वेगळा. जबाबदारी फक्त खेळाडूंनीच घ्यायची का? वरचे लोक, निवड समित्या, असोसिएशनवाले, त्यांचं काय? खेळाडूने रेषा सोडली तर क्लिप निघते. वरच्यांची क्लिप कोण काढतं?

खडकीवाला_फोंड्यात (मंगळवार, सकाळी ९.४०)

क्वचित कोणी घेतो. मार्च २००८, सान्तियागो, ब्रिटनकडून २-० हरलो आणि ऐंशी वर्षांत पहिल्यांदा भारत ऑलिंपिकला नाही. कोच होते आपले मुंबईचे जोकिम कार्व्हालो. राजीनामा देऊन मोकळे झाले. बाकीच्यांच्या खुर्च्यांना मात्र फेव्हिकॉल. तेव्हा तुमच्या मुद्द्यात दम आहे, पण सोळा वर्षांच्या पोराला ते कारण देऊ नका, तो लगेच उचलेल.

पर्वरीची_पल्लवी (मंगळवार, दुपारी १२.०५)

बाबा, एक विचारू? राग मानू नका. तो खुर्चीत बाटलीला लाथा मारत होता तेव्हा तुम्ही साइडलाइनवर काय करत होता?

सांखळीकर (मंगळवार, दुपारी १२.२०)

अरे देवा. पॉपकॉर्न आणतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असा रोख दिसतोय बाईंचा.

साळावलीचा_स्ट्रायकर (मंगळवार, रात्री ९.०३)

बाबा गायब. हिरवं कार्ड, त्रिकोणी.

डिचोलीकर_बाबा (गुरुवार, रात्री १०.१५)

गायब नव्हतो. लिहून तीनदा खोडलं.

पल्लवीताई, मी ओरडत होतो. कार्ड दाखवलं तेव्हा मी जाळीला धरून अंपायरला ओरडलो, "डोळे कुठे आहेत तुझे?" एकेरीत. बाजूला दुसऱ्या टीमच्या एका मुलाची आई बसली होती, तिने पर्स उचलली आणि दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही. फाउल मला स्पष्ट दिसला होता, लिहिलाय पण मी तसाच, मागून स्टिक घातली म्हणून. तरी ओरडलो. आणि मग अस्नोड्यापर्यंत मी गप्प होतो तो मुलावर रागावून, असं मला वाटत होतं.

मंगळवारी रात्री मुलाला निवृत्त_रशर यांचा प्रतिसाद वाचायला दिला. पूर्ण धागा नाही दिला, खडकीवाल्यांची ती शेवटची ओळ त्यात आहे म्हणून. वाचून फोन परत केला, काही बोलला नाही. मग मीच म्हटलं, रविवारी मी जे ओरडलो ते चुकीचं होतं, फाउल होता. तो म्हणाला, "माहीत आहे." मला कळलं नाही त्याला नक्की काय माहीत आहे, फाउल की माझं ओरडणं. विचारलं नाही.

शिट्टीवाल्यांचा उपाय केला. काल प्रॅक्टिसला कोचने त्याला अंडर-१४ च्या मॅचला शिट्टी दिली, वीस मिनिटं. घरी आला तो घसा बसलेला. ताटावर बसल्या बसल्या सुरू, "एक पोरगा सारखा वाद घालतो, पायाला लागलेलं मला समोर दिसलं तरी म्हणतो नाही लागला, आणि त्याचा बाप बाहेरून—" आणि थांबला. मी पोळी तोडत होतो. बायको हसायला लागली ती थांबेचना.

नवी स्टिक घेतली नाही. कोचने क्लबातली जुनी एक दिलीय, वजनाला जड आहे म्हणून कुरकुरतोय. रविवारी परत मॅच आहे.

निवृत्त_रशर (गुरुवार, रात्री १०.४०)

जड स्टिक डिफेंडरला चांगली. ग्रिप नवी लावून द्या, दीड-दोनशेत होईल. सगळी न काढता जुन्या ग्रिपच्या वरूनच गुंडाळू नका, जाड होते.

शिट्टीवाला (गुरुवार, रात्री १०.४४)

रविवारची मॅच माझी आहे बहुतेक. जाळीपासून लांब बसा :)

साळावलीचा_स्ट्रायकर (गुरुवार, रात्री १०.५९)

बाबा, ती फुटलेली स्टिक फेकणार असाल तर सांगा. आमची जुनी झालीय आणि तोरां यायला लागलीत.